घरट्यातून पडलेलं पिल्लू सापडलं तर काय करायचं

पहिलं काम: आजूबाजूला मांजर आहे का बघा. मांजर, मोकाट कुत्रं, खेळायला उतरलेली पोरं, पार्किंगमध्ये मागे येणारी गाडी, पिल्लाच्या जिवावर बेतेल असं जे काही असेल ते आधी दूर करा. दुसरं काम: हातातलं दूध, पाण्याचा ड्रॉपर, पोळीचा तुकडा खाली ठेवा. अजून काहीही भरवायचं नाही. एवढं केलंत की पुढचं वाचायला वेळ आहे. पाच मिनिटं थांबल्यानं पिल्लू सहसा दगावत नाही, घाईनं मात्र दगावतं.

आपल्याकडे हा हंगाम मोठा असतो. उन्हाळा लागला की बुलबुल, साळुंक्या, दयाळ, पोपट यांची वीण सुरू होते. एप्रिल-मेमध्ये कावळ्यांची घरटी भरतात आणि नेमका तेव्हाच वळीव झोडपून काढतो. पाऊस सुरू झाला की शिंपी, सुगरण आणि झाडांवर वसाहत करणारे बगळे. चिमण्या आणि पारवे तर जवळजवळ बारा महिने. त्यामुळे कधी ना कधी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो येतोच: 'पिल्लू पडलंय, कोणी मदत करेल का?' आणि अशा फोटोंतल्या कितीतरी पिल्लांना मदतीची गरजच नसते. ती पडलेली नसतात, आपल्या पायांनी उतरलेली असतात. म्हणून सगळ्यात आधी हे ओळखायला शिकायचं.

पडलंय की उतरलंय?

जवळ जा, पण हात लावू नका. अंगाकडे बघा.

अंगावर पिसं नाहीत, कातडी गुलाबी किंवा काळपट, डोळे मिटलेले, मान धरवत नाही: हे खरंच पडलेलं पिल्लू. ते जमिनीवर जगू शकत नाही. त्याला परत घरट्यात जायला हवं, आणि तेही लवकर, कारण स्वतःच्या अंगाची ऊब राखणं त्याला अजून जमत नाही.

डोळे उघडलेत, पण पिसं अजून नळ्यांत आहेत (पंखांवर आणि पाठीवर काड्या खोचल्यासारख्या करड्या-निळसर नळ्या दिसतात, टोकाला जेमतेम पिसाचा झुबका): हेही घरट्यातलंच. वेळेआधी खाली आलंय.

अंगभर पिसं, उड्या मारतंय, तुमच्या चपलेवर येऊन बसतंय, फांदी दिली तर नख्यांनी घट्ट पकडतंय: याला घरट्यात परत घालायचं नाही. घातलंत तरी ते पुन्हा उडी मारेल. त्याची शाळा जमिनीवरच भरते. बुलबुलाचं पिल्लू अंड्यातून आल्यावर साधारण दोन आठवड्यांच्या आतच घरटं सोडतं, तेव्हा त्याला नीट उडता येत नसतं. पुढचे काही दिवस ते झुडपातून झुडपात हुंदडतं आणि आई-बाप शोधून शोधून भरवत राहतात.

या तिसऱ्या अवस्थेतल्या पिल्लाला एकदा नीट पाहून ठेवा, म्हणजे पुढे चुकणार नाही. शेपूट बोटाच्या पेराएवढी किंवा त्याहून आखूड. डोक्यावर पिसांतून डोकावणारी एक-दोन विस्कटलेली लव. आणि चोचीच्या दोन्ही कोपऱ्यांना पिवळी, मऊ, जाडसर कड, तोंडापेक्षा मोठे ओठ असल्यासारखी. चेहरा कायम रागावलेला दिसतो. तो रागही नसतो, दुःखही नसतं. चोचीची ठेवणच तशी. पण त्या चेहऱ्यामुळे लोकांना दया येते आणि धडधाकट पिल्लं खोक्यात भरली जातात.

अंगभर पिसं असतील तर

रस्त्यावर, पार्किंगमध्ये किंवा पायवाटेवर असेल तर उचला आणि जवळच्या दाट झुडपात, कुंडीत किंवा आडव्या फांदीवर ठेवा. जवळच्या म्हणजे जिथे सापडलं तिथून पाच-दहा पावलांत. पलीकडच्या बागेत 'छान मोकळी जागा आहे' म्हणून नेऊ नका. तिथे त्याला ओळखणारं कोणी नाही. घरातलं मांजर चार-पाच दिवस आत ठेवा. शेजाऱ्यांनाही सांगा. भटक्या मांजरांना पिल्लाच्या झाडाखालीच खाणं ठेवणारे लोक असतात, त्यांना तेवढे दिवस वाटी दुसऱ्या कोपऱ्यात न्यायला लावा.

मग निघून जा. हा टप्पा माणसांना सगळ्यात जड जातो. पिल्लाभोवती चार माणसं मोबाइल घेऊन उभी असतात आणि 'आई काही येत नाही' म्हणून हळहळत असतात. आई येत नाही, कारण तुम्ही उभे आहात. खिडकीच्या आत जा, पडदा अर्धा ओढा, दीड-दोन तास अधूनमधून नजर टाका. चोचीत किडा घेऊन जवळच्या तारेवर बसलेला, मान इकडून तिकडे वळवणारा, तुमच्याकडे बघून कर्कश ओरडणारा पक्षी दिसला की समजा सगळं ठीक आहे. काही वेळा भरवणं दिसतच नाही, कारण खेप काही सेकंदांचीच असते. पिल्लू एकदम चोच वासून पंख थरथरवायला लागलं तर पालक जवळ आलाय.

फोनवर हा संवाद थोड्याफार फरकानं दर उन्हाळ्यात होतो:

"काका, पिल्लू सापडलंय. काल संध्याकाळपासून घरी आहे. दूध पाजलं, पण घेतच नाहीये."

"ताई, आधी दूध बंद करा. अंगावर पिसं आहेत का?"

"आहेत की. उडायला बघतंय, पण जमत नाही बिचाऱ्याला."

"शेपूट?"

"शेपूट... नाहीच म्हणा."

"बाहेर त्याच्यासारखे पक्षी ओरडतायत का, जरा कानोसा घ्या."

"अहो, दोन बुलबुलांनी सकाळपासून बाल्कनीत नुसता कालवा केलाय. वैताग आलाय."

ते दोन बुलबुल म्हणजे आई-बाप. रात्र मध्ये गेली तरी ते पिल्लाला विसरत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लू त्याच जागी नेऊन ठेवलं तर सहसा लगेच ताब्यात घेतात. तेव्हा चुकून उचलून आणलंच असेल तर लाजू नका आणि 'आता झालं ते झालं' म्हणून ठेवूनही घेऊ नका. उजाडल्याबरोबर परत न्या.

माणसाचा हात लागला की आई टाकून देते?

नाही. हे आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि त्यापायी पडलेली पिल्लं उचलायलाही लोक घाबरतात. आपल्या भोवतीचे बहुतेक पक्षी पिल्लाला ओळखताना वासावर फारसे अवलंबून नसतात. जागा, आवाज, वासलेली चोच यावर त्यांचं चालतं. तुमच्या हाताला साबणाचा वास असला काय आणि कांद्याचा असला काय, त्यांना फरक पडत नाही. आई घरटं सोडते ती वारंवारच्या त्रासानं. तासातासाला शिडी लावून फोटो काढलेत तर मात्र ती खरंच जाईल.

पिसं नसलेलं पिल्लू: परत घरट्यात

उचलताना एक हात खाली, एक वरून, ओंजळ सैल. छातीवर दाब देऊ नका. पक्षी छाती हलवूनच श्वास घेतो. अंगावर मुंग्या असतील तर मऊ ब्रशनं किंवा कापसाच्या ओल्या बोळ्यानं एकेक काढा. लाल मुंग्या डोळ्यांच्या कडांना, पंखांखाली आणि शेपटीखाली दडलेल्या असतात, तिथे नीट बघा.

आता पोट हाताला कसं लागतंय ते पाहा. पक्ष्यांचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं, चाळीस अंशांच्या आसपास. त्यामुळे निरोगी पिल्लू तळहाताला उबदार लागायलाच हवं. गार लागलं तर तसंच घरट्यात ठेवू नका. गारठलेलं पिल्लू चोच वासत नाही आणि न वासणाऱ्या पिल्लाला आई भरवत नाही. त्याला ओंजळीत धरा, किंवा कोमट पाण्याची बाटली रुमालात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवा आणि पिल्लू तिच्याजवळ. एका बाजूलाच, म्हणजे ऊब जास्त झाली तर सरकायला जागा राहते. बल्ब, हेअर ड्रायर, चुलीची धग यातलं काही नको. आणि नागपूर-अकोल्याकडे मे महिन्याच्या दुपारी बाटलीचं नावही काढू नका. तिथे पिल्लू चोच उघडी टाकून धापा टाकत असेल तर त्याला हवी आहे सावली आणि वारा.

ऊब आली, हालचाल सुरू झाली, की घरटं शोधा. सरळ वर बघा. दिसलं नाही तर दुसऱ्या पिल्लांचा चिवचिवाट ऐका, किंवा लांब उभं राहून मोठे पक्षी कुठे ये-जा करतात ते पाहा. शहरात घरटी अजब ठिकाणी असतात: मीटरच्या पेटीमागे, एसीच्या पाइपासाठी पाडलेल्या भोकात, रोलिंग शटरच्या वरच्या गुंडाळीत, पोर्चमधल्या पंख्याच्या वाटीत. (पंख्याचं असेल तर बटणावर चिकटपट्टी लावून टाका. 'सगळ्यांना सांगितलंय' यावर विसंबू नका, पाहुणा येतो आणि बटण दाबतो.) वर चढणं सुरक्षित असेल तरच चढा. शिडी धरायला खाली माणूस हवा. विजेच्या तारेजवळ किंवा तिसऱ्या मजल्याच्या सज्जावर असेल तर ते तुमचं काम नाही, अग्निशमन दलाचं किंवा बचाव पथकाचं आहे.

घरट्यात आणखी पिल्लं असतील तर ती आपल्या पिल्लासारखीच दिसतात ना, एवढं बघा. ठेवा आणि उतरा.

घरटंच गेलं असेल तर

फांदी तुटली, घरटं विस्कटलं, किंवा हात पोचत नाही: मग नवं घर टांगायचं. याला देवपूजेच्या फुलांची वेताची परडी उत्तम. नसेल तर प्लॅस्टिकची छोटी जाळीदार टोपली, किंवा तळाला भोकं पाडलेला श्रीखंडाचा डबा. भोकं हवीतच, नाहीतर पहिल्या पावसाला पिल्लं पाण्यात. भांडं फार खोल नको. पिल्लाला कड दिसली पाहिजे आणि आईला कडेवर बसता आलं पाहिजे. शिंजिरासारख्या अंगठ्याएवढ्या पिल्लांना करवंटी पुरते, तिच्याही तळाला भोक पाडून.

आत जुन्या घरट्याचा जो भाग शाबूत असेल तो ठेवा. कमी पडलं तर वाळकं गवत, नारळाच्या शेंड्यांची मऊ केलेली तंतूंची गादी. कापूस नको, त्याचे धागे बोटांत अडकून रक्त थांबतं. हिरवं गवत नको, ते ओलावा धरतं. नुसता गुळगुळीत कागदही नको; त्यावर पाय फाकतात आणि वाढत्या वयात ते तसेच राहू शकतात.

परडी सुतळीनं किंवा वायरनं पक्की बांधा, वाऱ्यात फिरली नाही पाहिजे. मूळ घरट्याच्या जितकी जवळ तितकी चांगली. त्याच झाडावर, डोक्याच्या वरच्या उंचीवर, दुपारचं ऊन थेट येणार नाही अशा बाजूला. मग पुन्हा खिडकीच्या आत जाऊन दोन तास पहारा. आई आधी जुन्या जागी जाईल, गोंधळेल, ओरडेल. पिल्लांनी आवाज केला की परडीकडे येईल. वाकून बघेल, उडून जाईल, परत येईल. या सगळ्यात अर्धा-पाऊण तास जाऊ शकतो, तेवढ्यात धीर सोडू नका.

भरवलं का हे ओळखायची एक खूण: भरवल्यावर बऱ्याच पिल्लांची शी एका पातळ पांढऱ्या पिशवीत बाहेर येते आणि पालक ती चोचीत धरून लांब टाकून येतात. पक्षी किडा घेऊन आत गेला आणि पांढरं काहीतरी घेऊन बाहेर आला, तर संसार पुन्हा रुळावर आला म्हणायला हरकत नाही.

शिंप्याचं घरटं वेगळं. तो पानं शिवून त्याची पिशवी करतो. टाके उसवले किंवा देठ तुटला तर दुसरी टोपली लावू नका. साधा सुती दोरा घेऊन ते पान आहे त्याच फांदीला, तोंड वर राहील असं बांधा. कुंडीतल्या झाडाची छाटणी करताना हे फार होतं, पानांचा जोड दिसतच नाही.

साळुंकी, दयाळ, पोपट, पिंगळा ही मंडळी ढोलीत राहणारी. त्यांना उघड्या परडीपेक्षा पुठ्ठ्याची किंवा लाकडाची बंद पेटी द्या, एका बाजूला त्या पक्ष्याला आत शिरता येईल एवढं गोल भोक.

ज्यांच्याशी वेगळं वागावं लागतं

कावळा. पिल्लू मोठ्या कावळ्याएवढंच दिसतं, पण आ केला की तोंड आतून लाल-गुलाबी आणि डोळे निळसर करडे. त्याच्या जवळ गेलात की आई-बाप आणि सगळी आळी तुमच्या टाळक्यावर तुटून पडेल. छत्री उघडून जा, हसतील त्यांना हसू द्या. पिल्लू उचलून भिंतीवर किंवा खालच्या फांदीवर ठेवा आणि निघा. कावळे भरवत असलेलं पिल्लू अगदी कावळ्यासारखं नाही, असं जूनच्या सुमाराला दिसलं तर ते कोकिळेचं असेल. कावळे त्याला प्रामाणिकपणे पोसत असतात. ते चालू द्या.

पारवा. पिवळ्या केसांसारखी लव, सुजल्यासारखी जाड चोच, एकूण रूप असं की लोक विचारतात, हा कोणता प्राणी? हे पिल्लू चार-पाच आठवडे घरट्यात असतं. आई-बाप त्याला आपल्या कंठात तयार होणारा दुधासारखा पदार्थ भरवतात, चोच त्यांच्या चोचीत घालून. तुमच्या वाटी-चमच्यानं ते जमणार नाही. एसीच्या मागे, सज्जावर, जिथून पडलं तिथेच परत ठेवा.

टिटवी. मैदानात, शेतात, कधी इमारतीच्या गच्चीवरसुद्धा खड्यांत अंडी घालते. तिची पिल्लं अंड्यातून बाहेर येतात तीच लव आणि डोळे उघडे घेऊन, आणि लवकरच पळायला लागतात. एकटं पळणारं ठिपक्याठिपक्यांचं पिल्लू हरवलेलं नाही. आईनं इशारा दिला की ते जमिनीला चिकटून दगड होतं, म्हणून ते 'बेशुद्ध पडलंय' असं वाटतं. मागे फिरा, आणि पाऊल टाकताना खाली बघा.

पाकोळी. पुलाखाली, जुन्या वाड्यांच्या छताला पिसं आणि काडीकचऱ्याची घरटी चिकटवून राहणारी. हिचे पाय इतके आखूड की जमिनीवरून उठणं अवघड, आणि बुलबुलासारखी जमिनीवरची शाळा हिच्या पिल्लांना नसते. म्हणजे पिसं पूर्ण असोत-नसोत, जमिनीवर सापडलेल्या पाकोळीला मदत लागतेच. हवेत भिरकावून 'उडतंय का बघू' हा प्रयोग करू नका. घरटं हाताशी असेल तर तिथे, नाहीतर खोक्यात घालून बचाव केंद्रात.

घुबडं. पिंगळ्याचं पिल्लू दिवसा सापडलं तर कावळे टोचत असतात. खोक्यात घालून अंधार करून ठेवा आणि दिवेलागणीला त्याच झाडावर, ढोलीच्या शक्य तितकं जवळ सोडा; आई-बाप तेव्हाच कामाला बाहेर पडतात. गव्हाणी घुबडाची पिल्लं इमारतींच्या डक्टमध्ये सापडतात: पांढरी लव, लांबोळका चेहरा, सापासारखा फुत्कार. बघून वॉचमन काठी घेऊन येतो. त्याला आधी समजावा. अपशकुनाच्या नावाखाली आणि दिवाळीच्या आसपासच्या तंत्रमंत्राच्या धंद्यात या पक्ष्यांचे खूप हाल होतात. म्हणून घुबडाचं पिल्लू सापडल्याचा फोटो पत्त्यासह ग्रुपवर टाकू नका.

बगळे आणि ढोकऱ्या. पावसाळ्यात त्यांच्या वसाहतीखाली पिल्लं पडतात. दिसायला केविलवाणी, पण चोच सरळ डोळ्याच्या दिशेनं मारतात. चष्मा घाला, जाड टॉवेल टाकून धरा, हात लांब ठेवा. घारीच्या पिल्लाला चोचीपेक्षा नख्यांसाठी जपायचं. एवढ्या उंच झाडावर परत ठेवणं आपल्याला शक्य नसतं, म्हणून हे दोन्ही थेट केंद्राकडे.

कधी थांबायचं नाही

मांजरानं तोंडात धरलं असेल तर वाट बघू नका. जखम दिसत नसली तरी. मांजराच्या दातांतले जंतू पिल्लाच्या रक्तात भिनले की एक-दोन दिवसांत पिल्लू जातं. त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडून प्रतिजैविक मिळायला हवं. याशिवाय: रक्त येतंय, पंख लोंबतोय, पाय ओढतोय, अंगात अळ्या आहेत, मान वाकडी होतेय, आई-बापांपैकी कोणी मेलेलं सापडलंय, किंवा नीट लपून दोन तास पाहूनही एकही फेरी झाली नाही.

महाराष्ट्रात वनविभागाची 'हॅलो फॉरेस्ट' हेल्पलाइन आहे, १९२६. तिथून जवळच्या वनकार्यालयाशी गाठ पडते. नागपुरात सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल, कागदोपत्री बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं रुग्णालय, सगळ्यांना ठाऊक असतं. पुण्यात बावधनला रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट आहे. लहान गावात सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आणि वनरक्षक, एवढी दोन दारं तरी ठोठावा. फोनवर 'छोटा पक्षी आहे' एवढंच सांगू नका. पिसं आहेत का, शेपूट किती, काय झालं, किती वाजता सापडलं आणि नेमकं कुठे, हे सांगा. एक फोटो वरून आणि एक बाजूनं काढून पाठवा, त्यात चोच दिसली पाहिजे.

एकाच जागी चार-पाच पक्षी मेलेले दिसले तर हा लेख बाजूला ठेवा, कशालाही हात लावू नका आणि पशुसंवर्धन विभागाला कळवा. बर्ड फ्लू २००६ साली नवापुरात आणि २०२१ साली परभणीकडे आलेला आहे.

न्यायचं कसं

बुटाचा खोका. भोकं पेनानं आधी पाडा, पक्षी आत ठेवल्यावर नाही. तळाला जुना सुती टी-शर्ट, त्याचीच चुंबळ करून मध्ये खळगा, पिल्लू त्यात. तारेचा पिंजरा नको, पिसं तुटतात. झाकण बंद, आत अंधार. अंधारात पक्षी शांत बसतो, आणि घाबरलेलं पिल्लू केवळ घाबरूनही मरू शकतं. म्हणून वाटेत उघडून बघणं नाही, रिक्षात गाणी नाहीत, लहान मुलांना 'हात लावून बघ' नाही. दुचाकीवर मागचा माणूस खोका मांडीवर धरेल; हँडलला पिशवीत लटकवू नका. खोक्यावर सापडल्याची जागा लिहा, खुणेसकट. पिल्लू बरं झालं तर ते तिथेच सोडावं लागतं.

हात धुवा. पिल्लांच्या अंगावर बारीक पिसवांसारखे किडे असतात, ते माणसावर टिकत नाहीत, पण तासभर खाज आणतात.

भरवण्याबद्दल, नाइलाजाने

पिल्लानं चोच वासली की आत जिभेच्या मुळाशी एक बारीक चीर दिसते, उघडझाप करणारी. ती श्वासनलिका. ड्रॉपरनं टाकलेला पाण्याचा थेंब तिथेच जातो आणि फुप्फुसात उतरतो. पाणी पाजून मेलेली पिल्लं उपाशी मेलेल्यांपेक्षा कमी नसतील, असं मला वाटतं. घरट्यातल्या पिल्लांना त्यांचे आई-बापही बहुधा वेगळं पाणी पाजत नाहीत; किड्यांतलं, फळांतलं पाणी पुरतं.

दूध पक्ष्यांना पचत नाही. दूध-पोळी, दूध-भात, ब्रेड, बिस्कीट, यातलं काही नको. 'चिमणी दाणे खाते' म्हणून तांदळाची कणी भरवणारेही भेटतात. मोठी चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना ती अळ्या आणि किडे आणून देते. वाढायला प्रथिनं लागतात.

केंद्र लांब आहे, पोचायला पाच-सहा तास लागणार आहेत, आणि तिथल्या माणसानं फोनवर 'भरवा' असं सांगितलं, तरच: चिमणी, साळुंकी, बुलबुल यांच्या पिल्लाला उकडलेल्या अंड्याचा मुगाएवढा, किंचित ओलसर कण, बोथट चिमट्यानं, पिल्लानं स्वतः चोच वासली तर. पिल्लू आधी उबदार हवं. गार पोटात अन्न पचत नाही, तिथेच सडतं. नागव्या पिल्लाला अर्ध्या-पाऊण तासानं, पिसं असलेल्याला तासाभरानं, तेही उजेड असेपर्यंतच. रात्री झोपू द्या. चोच उघडत नसेल तर नखानं फाकवू नका. पारवा, पोपट, घुबड, घार यांना या यादीतलं काहीच नाही. त्यांना ऊब आणि अंधार द्या, आणि गाडी काढा.

ठेवून घेऊ का?

पोपटाचं पिल्लू असलं की हा प्रश्न येतोच. नाही. आपल्याकडचे रानपक्षी पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, आणि शेजारच्या काकूंकडे वर्षानुवर्षं पिंजरा आहे म्हणून तो कायदेशीर होत नाही. जखमी पक्षी उचलून लगेच वनविभागाकडे किंवा केंद्राकडे देणं वेगळं, आणि 'मोठा झाला की सोडू' म्हणत गॅलरीत ठेवणं वेगळं. हातावर वाढलेलं पिल्लू माणसाळतं. मांजर काय, ससाणा काय, रात्री कुठे झोपायचं, कोणती आरोळी धोक्याची, हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. ते खांद्यावर येऊन बसतं म्हणून तुम्हाला कौतुक वाटतं. बाहेर गेल्यावर ते कोणाच्याही खांद्यावर बसायला जातं.

कधीकधी सगळं नीट करूनही पिल्लू रात्रीत जातं. लहान पक्ष्यांच्या एका विणीतली सगळी पिल्लं जगतात असं रानातही होत नाही. कागदात गुंडाळून मातीत पुरा, परडी काढून धुऊन ठेवा.

पडण्याआधी

पावसाळ्याच्या तोंडावर फांद्या छाटणारे कामगार येतात, तेव्हा घरटी भरलेली असतात. छाटणीची नोटीस लागली की आदल्या दिवशी सकाळी तासभर झाडाखाली उभं राहा. पक्षी चोचीत चारा घेऊन ज्या फांदीत शिरतोय, तिचा फोटो काढा आणि मुकादमाला दाखवून तेवढी फांदी दोन-तीन आठवड्यांनी तोडायला सांगा. धोकादायक फांदी असेल तर तो ऐकणार नाही, आणि ते बरोबरच आहे. मग परडी आणि सुतळी घेऊन तिथेच थांबा. बाकी वेळी बहुतेक मुकादम ऐकतात. शहरांत परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, त्यासाठी १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे. खासगी सोसायटीनं परस्पर माणूस बोलावला असेल तर त्याला परवानगीचा कागद दाखवायला सांगा. कागद येईपर्यंत बुलबुलाची पिल्लं बहुधा उडून गेलेली असतात.